मुंबईचे पदपथवासी : हकालपट्टीकडून घराकडे

मुंबईत पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाला काम मिळते, पण परवडणारे छप्पर मिळत नाही. ही अडचण गिरण्यांच्या काळापासूनची आहे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये सुधार न्यास स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, पण उठवलेल्या सगळ्यांना घरे मिळाली नाहीत. १९२०मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने (बीडीडी) कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचे ठरवले. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोल्या सुमारे १६ हजारच झाल्या. एका खोलीत अख्खे कुटुंब आणि संडास सामाईक, तरीही तेथे कामगारांच्या पिढ्या स्थिरावल्या.

ज्यांना तेवढेही मिळाले नाही, त्यांच्या वाट्याला कायद्याचा बडगा आला. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचे साधन न दिसणाऱ्या भटक्या माणसालाही भिकारी ठरवले. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद त्यात होती.

जुलै १९८१मध्ये, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. झोपड्या पाडल्या जाऊ लागल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयात धाव घेतली. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. मात्र पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पर्यायी जागा देण्याचा आदेश झाला तो १९७६च्या झोपड्यांच्या गणनेतील ओळखपत्रधारकांपुरता.

वाट काढली ती भायखळ्याच्या पदपथांवरील बायकांनी. १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘स्पार्क’ संस्थेने त्यांच्या मदतीने १९८५मध्ये पदपथवासीयांची गणना केली. त्यातून दिसले ते तुटपुंज्या मजुरीवर राबणारे कष्टकरी. कामावर चालत जाता यावे म्हणून ते पदपथावर राहत होते. १९८६मध्ये या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. बायकांनी रोजच्या मजुरीतून घरासाठी बचत केली, घराचे आराखडे स्वतः आखले आणि पुढे मानखुर्दला मिलन नगर वसवले. १९९५च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पदपथवासीयांनाही स्थान मिळाले.

हकालपट्टीने माणसे एका पदपथावरून दुसऱ्यावर गेली. पदपथ कायमचा सुटला तो घर मिळालेल्यांचाच.