नऊ चौकोन आणि पंढरपूरचे हुसेन

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, 'फोटोचं कंपोझिशन शिकून येतं, की ते जन्मतःच डोळ्यात असावं लागतं?' खाली अजून एक ओळ होती. 'दोस्त म्हणतात, तुझ्यात ते नाहीच बे.' खरं सांगायचं तर आजचा भाग त्या खालच्या ओळीसाठी आहे.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिड चालू केली की स्क्रीनवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा येतात. नऊ चौकोन. माणूस मधोमध नको, रेघ जिथे रेघेला छेदते तिथे ठेवा, असं प्रत्येक रीलवाला सांगतो. याला रूल ऑफ थर्ड्स म्हणतात. आपल्याला वाटतं हा कॅमेऱ्याचा नियम आहे. पण फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये, आणि हे नाव छापून आलं त्याच्या बेचाळीस वर्षं आधी, १७९७ मध्ये. तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापणारा जॉन थॉमस स्मिथ नावाचा एक इंग्रज होता. खेड्यापाड्यांची चित्रं कशी काढावीत यावर त्याने पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की चित्राच्या दोन सारख्या वाटण्या करू नका, एका गोष्टीला एक तृतीयांश द्या आणि दुसरीला दोन तृतीयांश. जमीन-आकाश असो की उजेड-सावली, हेच माप. म्हणजे हा एका कारागिराचा ठोकताळा. बरा दिसतो म्हणून टिकला, एवढंच.

आता सोलापूरकरांना चौकोनांचं कौतुक काय सांगायचं! चादरीवरचा मोर जॅकार्ड मागावर चढण्याआधी ग्राफ पेपरवर उतरतो. एकेक चौकोन भरत डिझाइन तयार होतं, त्याप्रमाणे कार्डांना भोकं पडतात आणि मग धागा वर-खाली होतो. ते काम करणाऱ्याला कुणी विचारत नाही की तुझ्यात हे जन्मजात आहे का. शिकला असेल, असंच आपण धरून चालतो. फोटो आणि चित्र म्हटलं की मात्र लगेच 'देवाची देणगी' सुरू.

देणगीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून ज्यांचं नाव घेतात, ते आपल्याच जिल्ह्यातले. मकबूल फिदा हुसेन, जन्म १९१५, पंढरपूर. त्यांच्या काही चित्रांवरून वाद पेटले, खटले झाले, २००६ पासून ते देशाबाहेर राहिले, पुढे कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये लंडनला वारले. त्या सगळ्यावर वेगळा भाग लागेल. आज मला त्यांचा हात कसा तयार झाला तेवढंच बघायचंय.

लहानपणी त्यांनी सुलेखन गिरवलं. इंदूरला देवळालीकर मास्तरांकडे चित्रकला शिकले. तेच देवळालीकर, ज्यांचे ना. श्री. बेंद्रेही विद्यार्थी. मग मुंबई, आणि पोटासाठी सिनेमाची होर्डिंग्ज. होर्डिंग रंगवायची जुनी पद्धत अशी की सिनेमाच्या छोट्या फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन भल्यामोठ्या फलकावर आखायचे आणि एकेक चौकोन मोठा करत न्यायचा. मजुरी चौरस फुटावर, तीही आण्यांत. परातीवर चढून तुम्ही नायिकेचा डोळा रंगवताय, तो तुमच्या छातीएवढा आहे. जवळून ते नुसते रंगाचे पट्टे. खाली उतरून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या फुटपाथवरून बघितल्याशिवाय जमलं का ते कळत नाही. मग परत वर. असं वर्षानुवर्षं. यात देणगी किती आणि मेहनत किती, हे वेगळं काढून दाखवणारा मला अजून भेटायचाय.

आणि मग याच माणसाने नियम मोडले. १९६७ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' हा लघुपट केला. तेव्हा फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवायचे, आणि त्यांचा साचा ठरलेला: भारदस्त आवाजातला निवेदक, धरण किंवा शेती, शेवटी प्रगती. हुसेन कॅमेरा घेऊन राजस्थानात गेले. सुरुवातीला दोन शब्द बोलतात, पुढे गोष्ट नाही आणि निवेदनही नाही. छत्री, कंदील, बूट, गाय, किल्ल्याच्या भिंती. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध, ते तुम्ही बघा. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात या फिल्मला लघुपटाचा गोल्डन बेअर मिळाला. मला स्वतःला त्यांचे घोडे जरा जास्तच झाले असं वाटतं, पण ही फिल्म मी कधीही बघेन.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते मद्रासच्या रस्त्यांवर फोटो काढत हिंडले. 'कल्चर ऑफ द स्ट्रीट्स' नावाने ही मालिका ओळखली जाते. माणसाच्या मागची गर्दी काढून टाका, पार्श्वभूमी साधी ठेवा, हा आपला दुसरा लाडका नियम. पोर्ट्रेट मोड म्हणजे तेच की, मागचं सगळं धूसर. इथे उलट. रस्त्यावरून साधी माणसं चाललीत आणि मागे रंगवलेले राक्षसी आकाराचे नट-नट्या, अगदी स्पष्ट. मागचं पुसलं तर फोटोच उरत नाही. हे ज्याला दिसलं, त्याने तसले चेहरे स्वतःच्या हाताने रंगवले होते.

म्हणून श्रोत्याला माझं उत्तर असं: दोस्तांचं सोड. दोन-तीन महिने ग्रिड चालू ठेव आणि नियम पाळून फोटो काढ. मधल्या मारुतीच्या पारावर, बाजारात, एसटी स्टँडवर, कुठेही. नियम कधी मोडायचा, तर जे दाखवायचंय त्याच्या आड तो यायला लागला की.

तिसरा नियम चेहऱ्याचा. व्यक्तिचित्र म्हणजे चेहरा, त्यातही डोळे. मोबाइल आपणहून चेहरा शोधून त्यावर पिवळा चौकोन लावतो. हुसेन यांनी मदर तेरेसांवर मोठी चित्रमालिका केली. निळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर मूल, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. ते जेमतेम दीड वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तिचा एकही फोटो मागे राहिला नव्हता.