वनस्पतिज तंतु-प्रबलित संमिश्रे

वनस्पतिज तंतू बहुवारिकाच्या आधारद्रव्यात गुंतवून, भार तंतूंनी पेलावा आणि आधारद्रव्याने तो त्यांच्यांत वाटून द्यावा, अशा योजनेने सिद्ध केलेले पदार्थ. ताग, अंबाडी व जवस यांचे तंतू खोडाच्या सालीचे, घायपाताचे पानाचे, तर काथ्या हा नारळाच्या सोडणाचा.

तंतूचे सामर्थ्य त्यातील सेल्युलोजाच्या प्रमाणावर आणि त्याची सूक्ष्म तंतुके अक्षाभोवती किती तिरकस वेटाळली आहेत यावर ठरते. तागात सेल्युलोज 60 टक्क्यांच्या आसपास व तिरकसपणा अल्प, म्हणून तो ताठ, तर काथ्यात लिग्निन विपुल आणि तंतुकांचा कोन 40 अंशांहून अधिक असल्याने तो पुष्कळ लांबतो, पण भार कमी सोसतो. काचतंतूची घनता दर घन सेंमी.ला सुमारे 2.5 ग्रॅम आणि तागाची सुमारे 1.4; सबब निव्वळ बळात काच वरचढ असली, तरी वजनाच्या हिशेबाने ताठपणात ताग व जवस तिच्या पंक्तीस बसतात.

ह्या पदार्थांची खरी अडचण पाणी ही होय. सेल्युलोजातील हायड्रॉक्सिल गट आर्द्रता ओढून घेतात, उलट पॉलिप्रोपिलीनसारखी बहुवारिके पाण्यास थारा देत नाहीत; परिणामी दोहोंचा सांधा दुबळा राहतो, आणि ओलीने फुगून उन्हाने आकसणाऱ्या तंतूभोवती बारीक भेगा पडून बुरशीला वाट मिळते. तंतू दाहक सोड्याच्या विद्रावात धुऊन मेण व पेक्टिन काढणे, अथवा दोहोंशी जुळणारे मॅलेइक ॲनहायड्राइडयुक्त पॉलिप्रोपिलीन मिसळणे, हे यावरचे उपाय. ते उपयुक्त खरे, परंतु त्यांनी शोषण मंदावते, थांबत नाही. शिवाय सुमारे 200° से.च्या वर तंतू करपू लागत असल्याने उच्च तापमानास वितळणारी बहुवारिके या कामी बाद ठरतात.

या द्रव्यांकडे उद्योगांचे लक्ष प्रथम वेधले ते टंचाईने. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्ये ॲल्युमिनियम अपुरे पडण्याच्या धास्तीने, जवसाच्या धाग्यांना फिनॉलिक राळ पाजून केलेल्या द्रव्यापासून स्पिटफायर विमानाचा धडभाग प्रयोगादाखल घडवण्यात आला; तर पोलादी पत्र्यास महाग झालेल्या पूर्व जर्मनीत, त्स्विकाऊच्या कारखान्यात 1957 पासून 1991 पर्यंत निघालेल्या ट्राबांट मोटारीचे बाह्यकवच टाकाऊ कापूस फिनॉलिक राळेसह दाबून केलेले असे. या मोटारी भंगारात निघाल्या तेव्हा ते कवच ना वितळे, ना कुजे. वनस्पतिज तंतू घातला की पदार्थ आपोआप मातीत विरतो, या सोयीस्कर समजुतीविरुद्ध याहून बोलका दाखला नाही.

मोटारींच्या दारांचे आतील फलक, आसनांच्या पाठी यांसारखी कोरडी व हलक्या भाराची कामे या संमिश्रांना मानवतात; उघड्यावरील भारवाही बांधणीत काचतंतूचे स्थान त्यांना अद्याप घेता आलेले नाही.