मेंदूचा संसर्ग आणि अपस्मार

मेंदूत किंवा त्याच्या आवरणांत जीवाणू, विषाणू वा कृमी शिरल्यामुळे येणारे झटके (आकडी, फेफरे). संसर्ग चालू असताना, ताप आणि सुजेच्या भरात आलेला झटका तात्कालिक असतो. संसर्ग ओसरल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ताजे कारण नसताना झटके पुन्हा येऊ लागले, तरच त्याला अपस्मार म्हणतात. हा फरक घरच्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवा. ‘फिट आली’ एवढे ऐकले की अनेक घरांत जन्माचा आजार मागे लागला असे धरले जाते, आणि रुग्ण मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीने दुखणेच लपवले जाते.

पुढची वाटचाल संसर्ग कोणता होता आणि त्याने मेंदूत किती व्रण ठेवला यावर ठरते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील नोंदींवर आधारित, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. विषाणूजन्य मेंदूदाहात सुरुवातीलाच झटके आलेल्यांपैकी २२ टक्के लोकांना पुढील २० वर्षांत विनाकारण झटके येण्याचा धोका दिसला. सुरुवातीला झटके न आलेल्यांत तो १० टक्के होता. जीवाणूजन्य आवरणदाहात हेच आकडे १३ आणि २.४ टक्के होते. हर्पीसचा मेंदूदाह विशेष घातक, कारण तो कानशिलाकडच्या खंडावर घाला घालतो; तेथे असायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू करायला झालेला उशीर फार महाग पडतो.

भारतात या विषयाचा मोठा भाग व्यापला आहे तो डुकरातील पट्टकृमीच्या अळीने. धडधाकट तरुणाचा एका हाताचा अंगठा फडफडू लागतो, फडफड दंडापर्यंत चढते, काही मिनिटांत थांबते आणि हात थोडा वेळ लुळा राहतो. सीटी स्कॅनमध्ये दोन सेंटिमीटरहून लहान, कड्यासारखी एकच गाठ दिसते. अशा गाठी पूर्वी क्षयाच्या समजल्या जात आणि रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील चांडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी गाठी काढून तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक या अळीच्या निघाल्या.

शाकाहारी माणसालाही हा आजार होतो, कारण तो मांसातून नव्हे, तर कृमीच्या अंड्यांतून होतो. पट्टकृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि हात, पाणी, कच्ची भाजी यांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. मेंदूत पोहोचलेली अळी वर्षानुवर्षे गप्प राहू शकते. ती मरू लागली की शरीर तिच्यावर तुटून पडते, सूज येते आणि झटका येतो. म्हणूनच अल्बेंडाझोल या कृमिनाशकाबरोबर स्टेरॉइड देतात, आणि डोळ्यात अळी नाही ना, हे आधी पाहतात.

एकच गाठ असल्यास भवितव्य चांगले असते. ती बहुधा काही महिन्यांत विरते, आणि त्यानंतर झटक्यांची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद करता येते. गाठीच्या जागी चुन्याचा खडा उरला तर झटके परतण्याची शक्यता वाढते. त्यावर कृमिनाशकाचा उपयोग नसतो, झटक्यांचीच गोळी दीर्घकाळ चालवावी लागते. गाठी अनेक असतील किंवा मेंदूतील पाण्याच्या पोकळीत असतील, तर आजार गंभीर ठरतो आणि कधी शस्त्रक्रियाही लागते. पट्टकृमीचा वाहक घरातलाच किंवा स्वयंपाक करणारा असू शकतो, त्यामुळे रुग्णाबरोबर त्यांचीही विष्ठा तपासून कृमीवर उपचार करतात.