लट्टलूरचे बिरुद, मान्यखेटची सभा

मुरुड परिसरातल्या माणसाला लातूर म्हणजे बाजारपेठ, कॉलेज आणि कचेरी. साडेअकराशे वर्षांपूर्वी मात्र हे नाव एका सम्राटाच्या बिरुदात झळकत होते. राष्ट्रकूट नृपती पहिला अमोघवर्ष याच्या इ. स. ८६६च्या शिलालेखात त्याला 'लट्टलूर' या श्रेष्ठ नगरीचा स्वामी म्हटले आहे. लट्टलूर म्हणजेच लातूर, ही ओळख डॉ. अ. स. आळतेकरांसारख्या संशोधकांनी स्वीकारली. तोवर राजधानी कागिणा नदीकाठच्या मान्यखेटला, म्हणजे आजच्या मळखेडला, स्थिरावलेली होती. लातूरचे नाव उरले ते कुळाच्या मूळ गावाची खूण म्हणून.

या कुळाचा दरबार 'आपला' म्हणायचा तर तिथे कोणती भाषा नांदत होती, हे पाहावे लागते. आणि इथेच सीमावादाची सवय झालेले आपले मन अडखळते. अमोघवर्षाच्या आश्रयाने 'कविराजमार्ग' सिद्ध झाला. तो कन्नडमधला उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ. त्यात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. त्या हिशेबाने गोदावरीच्या दक्षिणेचा मांजराकाठही त्यात येतो. राष्ट्रकूटांची मातृभाषा कन्नड होती, असेच आळतेकरांचेही मत होते.

पण ही सभा एकभाषी नव्हती. जिनसेनाने 'आदिपुराण' संस्कृतात रचले. महावीराचार्याने 'गणितसारसंग्रह' लिहिताना अमोघवर्षाचा गौरव केला. पुढे तिसऱ्या कृष्णाने पोन्न कवीला 'उभयकविचक्रवर्ती' ही पदवी दिली, ती संस्कृत आणि कन्नड या दोन्ही भाषांतील प्रभुत्वासाठी.

तिसरा प्रवाह अपभ्रंशाचा. आधीच्या राजाश्रयाला विटलेला पुष्पदंत मान्यखेटला आला, तेव्हा त्याला आधार दिला तो भरत या मंत्र्याने. ९५९ ते ९६५ या काळात पुष्पदंताने 'महापुराण' पूर्ण केले, आणि नंतर भरताचा मुलगा नन्न त्याचा आश्रयदाता झाला. दरबारी संस्कृती केवळ सिंहासनाभोवती फिरत नसे. मंत्र्याच्या वाड्यातली एखादी खोली आणि दोन वेळचे निश्चिंत जेवण यांवरही ती उभी राहत असे. हेच महापुराण विसाव्या शतकात डॉ. प. ल. वैद्य या मराठी पंडितांनी संपादित केले. मराठीच्या घडणीचा माग काढणाऱ्याला अपभ्रंशाच्या वाटेने जावेच लागते, म्हणून या ग्रंथाशी आपलेही नाते आहे.

९७२मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले. त्याच वर्षी धारा नगरीत धनपालाने आपल्या बहिणीसाठी 'पाइयलच्छी' हा प्राकृत कोश रचला आणि मान्यखेटच्या लुटीचा उल्लेख करून त्याचा काळ नोंदवला. एका दरबाराचा विध्वंस दुसऱ्या दरबारातल्या ग्रंथाची तिथी ठरला. धारेचे वैभव पुढे मुंज आणि भोज यांच्या काळात बहरले, तर राष्ट्रकूटांची सत्ता वर्ष-दोन वर्षांत कल्याणीच्या चालुक्यांकडे गेली.

म्हणून लातूरकरांनी या बिरुदाचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्याची वाटणी करायला बसू नये. ज्या राजांनी मूळ गावाचे नाव शेवटपर्यंत टाकले नाही, त्यांच्याच सभेत तीन भाषांना मानाचे पान होते. लट्टलूरचा वारसा सांगायचा तर या तिन्ही भाषांसकट सांगावा लागेल.