लेण्यातलं पाणी : नाणेघाट ते कान्हेरी



डोंगराच्या पोटात तळं असतं का, असं पोरं सहलीला गेली की हमखास विचारतात. असतं, पण चुनखडीच्या डोंगरात. पाणी चुनखडी विरघळवतं, पोकळी होते आणि तिथं पाणी साठतं. आंध्र प्रदेशातल्या बेलमच्या गुहेत अशी 'पाताळगंगा' आहे. आपला सह्याद्री मात्र काळ्या कातळाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो तसा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडं लेण्यातलं पाणी हे बहुतेक माणसाच्या छिन्नी-हातोड्याची कमाई आहे.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्याला उतरलं की नाणेघाटाची वाट लागते. वर सातवाहनांचं लेणं आहे. त्यातल्या ब्राह्मी शिलालेखात राणी नागनिकेच्या घराण्याच्या यज्ञांची आणि दानांची नोंद आहे, म्हणजे हे काही बौद्ध विहाराचं लेणं नव्हे. पण घाटात पाण्याची टाकी आहेत, आणि त्यातलं एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलं असं तिथं कोरलेलं आहे. टाक्याला शब्द वापरलाय 'पोढी'. बंदरातला माणूस, आणि दान घाटातल्या तहानलेल्या वाटसरूला!

त्याच सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरून काढला. कान्हेरीला तर लेण्यालेण्याशी टाकी आहेत. पावसाचं पाणी कातळात कोरलेल्या पन्हाळींनी त्यात येई, आणि त्यावर भिक्खुसंघाचे पावसाळ्यानंतरचे महिने निघत. तिथली एक पोढी कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने दिलेली. राजा नव्हे, कारागीर! ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली, म्हणून ही साधी नावं आज आपल्याला कळतात.

दोन हजार वर्षांपूर्वी पाणी देणं हे पुण्य मानलं गेलं. त्याच भूमीत पुढे पाण्याला शिवण्याचीही बंदी आली, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांना माणुसकीचा हक्क सांगावा लागला.

आपण भातसानगरची माणसं. इथल्या धरणाचं पाणी मुंबईची तहान भागवतं, आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मात्र टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा नाणेघाटाला जाल तर पोरांना ती पोढी जरूर दाखवा. पाणी कुणी साठवलं आणि कुणासाठी, हे त्यांना विचारू द्या. आणि टाक्यात कचरा टाकू नका, ते दान आहे.

जय भीम! सर्वांचे मंगल होवो.