जैवसंवेदक : थेंबभर रक्ताची पारख

मधुमेहींच्या घरोघरी आढळणारा ग्लुकोमीटर हा शस्त्रक्रियागृहाच्या गरजेतून जन्मलेल्या तंत्राचा वंशज आहे. १९५०च्या दशकात हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने हृदयशस्त्रक्रिया होऊ लागल्या, तेव्हा रुग्णाच्या रक्तात प्राणवायू पुरेसा मिसळतो की नाही, हे तत्काळ कळणे अत्यावश्यक ठरले. अमेरिकी संशोधक लेलँड क्लार्क यांचा प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९६२ मध्ये क्लार्क आणि त्यांचे सहकारी लायन्स यांनी त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा थर पातळ पटलांत बंदिस्त करण्याची कल्पना मांडली. हे एन्झाइम ग्लुकोजवर क्रिया करताना प्राणवायू खर्च करते. प्राणवायू किती घटला, यावरून साखर किती हे कळते. जैवसंवेदक म्हणजेच बायोसेन्सरचे तत्त्व हेच. पदार्थ ओळखण्याचे काम एन्झाइम, प्रतिपिंड किंवा डीएनएसारखा जैविक रेणू करतो आणि ती ओळख विजेच्या वा प्रकाशाच्या संकेतात उतरवण्याचे काम उपकरण करते.

प्रयोगशाळेतील यंत्र १९७५ मध्ये, तर पेनाच्या आकाराचा मीटर १९८७ मध्ये बाजारात आला.

उपकरण कितीही सुबक असले, तरी सारी मदार त्या जैविक रेणूच्या पारखीवर असते. काही पट्ट्यांमध्ये वापरलेले जीडीएच-पीक्यूक्यू हे एन्झाइम ग्लुकोजप्रमाणेच माल्टोजवरही क्रिया करते. पोटातील पडद्यामार्फत डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांना आयकोडेक्स्ट्रिन हे द्रावण दिले जाते आणि त्यापासून शरीरात माल्टोज तयार होते. मीटर ही साखरही मोजतो व आकडा फुगवून दाखवतो. त्यावर विसंबून इन्शुलिन दिले, की रुग्णाची खरी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. अशा चुकीच्या नोंदींशी संबंधित १३ मृत्यूंची माहिती देत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये रुग्णालयांना सावध केले. यंत्र बिघडलेले नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

शस्त्रक्रियेतही जैवसंवेदकांचे स्थान मोठे आहे. लॅक्टेट मोजणारे संवेदक ऊतींना प्राणवायू कमी पडत असल्याची सूचना देतात. शरीराच्या एका भागातील ऊती रक्तवाहिन्यांसह दुसरीकडे जोडल्यावर तेथील द्रवाचे नमुने तपासले जातात. रक्तपुरवठा खंडित झाल्यास ग्लुकोज घटते, लॅक्टेट वाढते आणि शल्यचिकित्सकाला वेळीच हस्तक्षेप करता येतो.

त्वचेखाली बसणाऱ्या संवेदकाच्या नोंदीनुसार इन्शुलिनची मात्रा आपोआप कमी-अधिक करणाऱ्या पहिल्या पंपाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. मात्र हे संवेदक रक्तातील नव्हे, तर ऊतींमधील द्रवातील साखर मोजतात. साखर झपाट्याने उतरत असताना त्यांचा आकडा काही मिनिटे मागे राहतो. घाम, थरथर यांसारखी लक्षणे आणि पडद्यावरील आकडा जुळत नसल्यास बोटातील रक्ताच्या थेंबावरच खात्री करून घ्यावी लागते.