गावचा जन्म, मुंबईचं मरण

पालीहून आम्ही आज बोलणार आहोत शंभर वर्षांपूर्वीच्या बाळंतिणींबद्दल. गोष्ट पणजीच्या काळातली, पण आपल्याच घरची.

तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा मोठा भरणा होता. बायाही सूत गुंडाळायच्या खात्यात राबत. चाळीतल्या एका खोलीत सारं बिऱ्हाड, तिथे बाळंतपण कसं करणार? म्हणून दिवस भरत आले की कितीतरी जणी बोटीने गावी येत. पावसाळ्यात तर बोटीही बंद. गावात भरवसा सुईणीचा. तिच्या हाताला अनुभव असे, पण नाळ कापायचं हत्यार अस्वच्छ असलं की बाळाला धनुर्वात होई.

1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त तान्ही बाळं दगावली. आकडा ऐकून काळजात धस्स होतं. पण तो नीट वाचायला हवा. बाळ गावी जन्मलं तर जन्म मुंबईच्या वहीत चढत नसे. आई त्याला घेऊन कामावर परतली आणि ते तिथे गेलं, तर मरण मात्र मुंबईच्या वहीत लागे. म्हणजे त्या आकड्यात आपल्या गावांची बाळंही होती.

1922 साली डॉक्टर बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार बायांच्या बाळंतपणाची पाहणी केली. आई कामावर असताना बाळ निजून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत, हे त्यांनी नोंदवलं. त्या आया निर्दय नव्हत्या. घरी बसलं तर रोज बुडायचा, एवढंच.

त्याच काळात शहरांत माता-बालकांसाठी केंद्रं निघाली. तिथे बाळाचं वजन करत, अंघोळ नि दूध कसं द्यावं ते शिकवत. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने परिचारिका तयार केल्या. परळला गिरणगावात 1926 साली वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं, 1929 साली मुलांचं वाडिया रुग्णालय.

पण पोटासाठी बाळंतीण चार दिवसांत उठणार असेल, तर दवाखाना किती पुरा पडणार? बाळंतपणात आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात सांगितलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा आला. गिरणीतल्या बाईला आठ आणे रोज, जास्तीत जास्त सात आठवडे. शेतात लावणी करणाऱ्या बाईला मात्र त्यात काहीच नव्हतं.

आज आशाताई दारात येते, पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात. तरी दोन गोष्टी आपल्याच हाती आहेत. दिवस राहिले की लगेच आरोग्य केंद्रात नाव घाला. बाळ जन्मलं की 21 दिवसांच्या आत त्याची नोंद करा.

आणि तिसरी गोष्ट घरच्यांच्या हाती. बाळंतिणीच्या वाटणीचं काम सात आठवडे दुसऱ्या कुणीतरी उचलायचं. गटाच्या पुढच्या बैठकीत विचारूया, आपल्या वाडीत ते कोण उचलतं?